डावीकडे तीन बोटं

ताईंच्या दुकानात पँट आखूड करून घ्यायला गेलेला माणूस पँटीबरोबर एखादं मतही घेऊन बाहेर पडतो, आणि ते मत बहुतेक वेळा सुपरहीरोंबद्दलचं असतं.

दुकान जिन्याखालचं. दोन शिलाई मशिनं, इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात सरळ खांद्यांचा एक कापडी पुतळा, आणि दारामागे खिळ्याला अडकवलेले खाकी कागदाचे नमुने. कोटाची बाही, शाळेच्या स्कर्टचा घेर, शर्टाची कॉलर, असे कापून ठेवलेले आकार. टेबलाच्या खालच्या खणात दुसऱ्या कुणी उरलेल्या चिंध्या ठेवल्या असत्या. ताईंच्या खणात ‘पहाडखांदा’ या कॉमिकचे पहिले बेचाळीस अंक आहेत. प्रत्येक अंकाला त्यांनी जुन्या कोटाच्या अस्तराचं वेष्टण शिवलं आहे.

ताई छप्पन्न वर्षांच्या. ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि कामाच्या वेळी ओठांत चार टाचण्या धरलेल्या. त्यामुळे त्यांची सगळी मतं तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर येतात, पण ती ऐकू न आल्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

"एक सांगा," मापासाठी हात पसरून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला त्या विचारतात, "ज्याच्या पोशाखाला एकही खिसा नाही, तो घराची किल्ली कुठे ठेवतो?"

"भिंतीतून जात असेल," गिऱ्हाईक म्हणतं.

"भिंतीतून जाणारे वेगळे. आमचा पहाडखांदा फक्त वजन उचलतो. त्याला दाराशी थांबावं लागतं. हात खाली घ्या. आणि आता पाठीवरच्या चेनचं बघा. पाठीवरची चेन एकट्याने लावून दाखवा मला. नाही लावता येत. याचा अर्थ काय झाला?"

"काय झाला?"

"याचा अर्थ, जितके सुपरहीरो तितकी घरात चेन लावून देणारी माणसं. त्यांच्यावर कुणी एक अंक काढलाय? नाही काढला. चौतीस इंच. परवा या."

पहाडखांदा दिवसा मालधक्क्यावर हमाली करतो. संकट आलं की निळी केप पाठीवर घेतो आणि पडता पूल, घसरती आगगाडी, जे काही असेल ते खांद्यावर तोलून धरतो. त्याला उडता येत नाही. वरच्या मजल्यावर कुणी अडकलं असेल तर तो जिने चढून जातो आणि वर पोचेपर्यंत दमतो. ताईंच्या लेखी हीच त्याची थोरवी. "न दमणाऱ्याचं कौतुक कसलं करायचं?" असं त्या म्हणतात, आणि मशीनचं पायडल जोरात दाबतात.

ही मतं रोज सकाळी खोडून काढणारा एकच माणूस होता, ताईंचा धाकटा भाऊ. चौकातल्या चित्रपटगृहात तो पंचवीस वर्षं सिनेमे दाखवतो. दुपारच्या खेळाआधी चहा प्यायला ताईंच्या दुकानात येतो, इस्त्रीच्या टेबलावर बसतो, आणि "तिथे बसू नकोस" हे ऐकल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

पहाडखांद्यावर तीन सिनेमे निघाले. तिन्ही त्यानेच दाखवले, त्यामुळे ते आपणच काढल्यासारखा तो त्यांची बाजू घेतो.

"ताई, तुझा पहाडखांदा कागदावर हलतो तरी का? माझ्याकडे सव्वादोन तास हलतो. आवाजासकट."

"हलतो. दोन चौकटींच्या मधे जी पांढरी फट असते ना, तिथे हलतो. तिथे त्याला मी हलवते. तुझ्या सिनेमात माझ्यासाठी काही कामच ठेवलेलं नाही. नुसतं बसायचं आणि कान दाबून धरायचे."

"मग चार वेळा कशाला आलीस बघायला? फुकट सोडतो म्हणून?"

"त्या नळाच्या प्रसंगासाठी," ताई म्हणायच्या, आणि हे खरं होतं. दुसऱ्या सिनेमात एक दृश्य आहे. दिवसभर पोती वाहून झाल्यावर हमाल रांगेने नळाखाली मान धरतात, आणि त्यांत तोही असतो. दहा सेकंदांचं दृश्य. तेवढ्यासाठी ताईंनी सव्वादोन तास चार वेळा सोसले. कुणाचं चांगलं असेल तर ते चांगलं म्हणायला त्या मागेपुढे पाहत नाहीत. बाकी सिनेमाची मात्र पिसं काढतात. दर दहा मिनिटांनी हीरो मुखवटा का काढतो? नटाचा चेहरा दिसावा म्हणून. गंजासुर या खलनायकाला दुःखी बालपण कशासाठी दिलं? "गंज का चढतो, ओल असते म्हणून. त्याला आणखी काय कारण लागतं?" आणि सगळ्यांत मोठी तक्रार पोशाखाची. सिनेमातला पोशाख रबरी. छाती साच्यातून काढलेली, दंड साच्यातून काढलेले. "तो कपडा नाही, पाव भाजायचा डबा आहे. आत माणूस नसला तरी उभा राहील."

"बरं बाई," धाकटा कप खाली ठेवून दुकानातल्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. "पण तुम्हाला ठाऊक आहे का, त्या पोशाखाची केप सरळ कुणामुळे झाली? आमच्या ताईमुळे. पहिल्या अंकांत वाकडी होती. ताईने चूक पकडली, पत्र पाठवलं, छापून आलं, आणि त्यांना केप सरळ करावी लागली. चौदा वर्षांची होती तेव्हा ही!"

एवढं झालं की ताई गप्प व्हायच्या. गिऱ्हाइकाला वाटायचं, लाजल्या.

खरी गोष्ट अशी होती. ताई चौदा वर्षांच्या असताना आईबरोबर याच दुकानात काज करायला बसत. धाकटा तेव्हा सहाचा, त्याला नीट वाचता येत नसे, म्हणून ताई त्याला पहाडखांदा वाचून दाखवत. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं, की केपचा काठ डावीकडे किंचित खाली आहे. एका चित्रात नव्हे, सगळ्या चित्रांत. चित्रावर बोटं आडवी ठेवून आणि माणसाच्या उंचीचा हिशेब करून त्यांनी ठरवलं, खऱ्या अंगावर हे अंतर तीन बोटं भरेल. मग त्यांनी आईकडे कोट शिवायला येणारी माणसं आठवली. बर्फाच्या लाद्या वाहणारा, कोळसेवाला, खांद्यावर शिडी घेऊन हिंडणारा रंगारी. ज्या खांद्यावर रोजचं ओझं, तो खांदा उतरलेला. आई त्यांच्या कोटांना निराळं माप लावायची. पहाडखांदा हमाल होता आणि प्रत्येक अंकात पोतं डाव्या खांद्यावर घ्यायचा. म्हणजे ज्या कुणी हे काढलं होतं, त्याने आधी खऱ्या हमालाला नीट पाहिलं होतं. ताईंना इतका आनंद झाला की त्यांनी दोन पानी पत्र लिहिलं. पहिल्या पानावर काय दिसलं ते, दुसऱ्या पानावर त्याचं कारण आणि चित्रकारकाकांना नमस्कार.

अंक सतरामध्ये पत्र छापून आलं. फक्त पहिलं पान. खाली संपादकांचं उत्तर होतं: ‘आमच्या वाचक भगिनीने चूक दाखवल्याबद्दल आभार. चित्रकारांना सूचना दिली आहे.’

अंक अठरापासून केप सरळ झाली. मग चित्रकार बदलले, पण केप सरळच राहिली. सिनेमे आले, केप सरळ. धाकटा तो सतरावा अंक घेऊन गल्लीभर नाचला होता. "माझ्या ताईने चूक पकडली!" त्याला खरं काय ते ताईंनी दोनदा सांगून पाहिलं. पण सहाव्या वर्षी मिळालेला अभिमान कुणी सहज परत देत नाही. आणि ताईंच्या मनात राहिलं ते वेगळंच. जगात एका माणसाने ती गोष्ट बरोबर काढली होती, आणि आपल्या कौतुकामुळे त्या बिचाऱ्याला बोलणी बसली. कॉमिकवर त्याचं नावही नसायचं. माफी मागायची तरी कुणाची?

बेचाळीस वर्षं ही टाचणी त्यांना अधूनमधून टोचत राहिली.

मग या वर्षी वाचनालयाच्या नाट्यमंडळाने ‘पहाडखांदा’ रंगमंचावर आणायचं ठरवलं. मंडळाचे दिग्दर्शक पेशाने दातांचे डॉक्टर. सज्जन माणूस, नाटकाचं अतोनात वेड, पण काहीही वाकडं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. पहाडखांद्याची भूमिका त्यांनी पोस्टमनना दिली होती, ती त्यांच्या आवाजामुळे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला खालून पत्राची वर्दी देऊन देऊन त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की सभागृहाच्या शेवटच्या रांगेला ध्वनिक्षेपकाची गरज उरली नव्हती. बाकी पोस्टमन सडपातळ, मितभाषी, आणि चारचौघांत उभं राहताना डावं अंग भिंतीकडे करणारे.

डॉक्टर एके दिवशी सकाळीच दुकानात आले. "ताई, शहरात तयार पोशाख भाड्याने मिळतो. सिनेमासारखा, रबरी. पण आमच्या पोस्टमनना तो होत नाही, आत दोन पोस्टमन मावतील. तो घ्यायचा तर व्यायामशाळेतल्या मास्तरांना उभं करावं लागेल. त्यांना तो अगदी बसतो."

"आवाज?" ताईंनी विचारलं.

"आवाज जरा पिपाणीसारखा आहे. पण दिसतील भारी."

इस्त्रीच्या टेबलावरून धाकटा म्हणाला, "डॉक्टर, ताईला द्या की पोशाख शिवायला. बेचाळीस वर्षं नुसती तोंडाने शिवतेय. होऊन जाऊ दे एकदा."

ताईंनी ओठांतल्या टाचण्या काढून गादीत खोचल्या. एवढ्याशा गोष्टीवरून धाकट्याला कळलं, की आपली चेष्टा उलटली.

"मी शिवते," ताई म्हणाल्या. "पोस्टमनच राहू देत. पण केप पहिल्या अंकासारखी होईल. डावीकडे तीन बोटं खाली."

"वाकडी?" डॉक्टरांचा चेहरा दाढदुखीच्या पेशंटसारखा झाला.

"पहिल्या अंकासारखी."

डॉक्टरांनी बराच विचार केला. "गुरुवारी तालीम आहे. तिथे शोभली तर ठीक. नाहीतर रबरी पोशाख आणि मास्तर. रविवारी खेळ आहे, मला धोका पत्करता येणार नाही." जाताना दारात थांबून म्हणाले, "आणि पोस्टमनचा डावा खांदा थोडा उतरलाय, बघितलंत ना? आत फोमची गादी भरा. सरळ होईल."

ताईंनी टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या.

पुढचे चार दिवस ताईंनी जसं काम केलं तसं त्यांनी कधी कुणाच्या लग्नाच्या कोटासाठीही केलं नव्हतं. निळं कापड तीन दुकानं पालथी घालून आणलं. हलकं नको, फडफडेल. जड नको, लोंबेल. आत राखाडी अस्तर. पहिला अंक उघडून पुतळ्याशेजारी टाचला. केप बेतताना डावी बाजू तीन बोटं लांब कापली, कच्चे टाके घालून पुतळ्यावर चढवली आणि लांब जाऊन पाहिलं. हुबेहूब. अंकातलं चित्र जणू कागदावरून उतरून पुतळ्यावर येऊन बसलं होतं. ताई खुर्चीवर बसल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग पक्की शिलाई घातली. अस्तरात, कुणाला दिसणार नाही असा, एक छोटा खिसाही लावला. किल्लीपुरता.

पोस्टमनची उंची त्यांनी घेतली होती, छाती घेतली होती. केप त्यांच्या अंगावर घालून मात्र पाहिली नाही. पोस्टमन कामावर, ताई घाईत, आणि चित्र तर डोळ्यांत बेचाळीस वर्षं बसलेलं.

गुरुवारच्या तालमीला सभागृहात वीसेक माणसं होती. धाकटा संध्याकाळच्या खेळाला बदली माणूस ठेवून आला होता. पोस्टमन केप घालून विंगेतून निघाले. दोन पावलं झोकात टाकली. तिसऱ्या पावलाला डावीकडचा काठ पायाखाली आला आणि पहाडखांदा, जो घसरत्या आगगाड्या तोलून धरतो, तो नेपथ्यातल्या लाकडी पुलासकट पालथा पडला.

लागलं नाही. पण हशा झाला. पोस्टमन उठले, कपडे झटकले आणि सवयीने डावं अंग भिंतीकडे करून उभे राहिले. तो हशा आपल्या खांद्याला होता, असं त्यांना वाटलं हे ताईंना लांबूनही दिसलं.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "ताई, रागावू नका. पण चूक ती चूकच. त्या चित्रकाराचीही चूकच होती. मी उद्या शहरात फोन करतो."

"दुपारपर्यंत थांबा," ताई म्हणाल्या.

"दुपारपर्यंत काय होणार?"

"दुपारपर्यंत थांबा."

घरी जाताना धाकटा म्हणाला, "जाऊ दे ग. तू चौदाव्या वर्षी चूक पकडलीस आणि छप्पन्नाव्या वर्षी तीच केलीस. हिशेब मिटला."

एरवी ताईंनी त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्यांनी केपची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, एवढंच.

सकाळी दुकान उघडण्याआधी ताईंनी केप पुन्हा पुतळ्यावर चढवली. पुन्हा हुबेहूब. काठ डावीकडे तीन बोटं खाली, जमिनीपासून दोन बोटं वर. मग काल तो पायाखाली आला कसा? त्या पुतळ्याभोवती दोनदा फिरल्या. त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, जसे गिऱ्हाइकाच्या खांद्यांवर ठेवतात. आणि त्यांचे हात तिथेच राहिले.

दोन्ही हात एका पातळीत होते.

पुतळ्याने जन्मात पोतं उचललं नव्हतं. पुतळ्याचे खांदे सरळ होते. आपण सरळ अंगावर वाकडी केप चढवून चित्र जुळवलं होतं! आणि तीच केप उतरलेल्या खांद्यावर गेल्यावर आणखी खाली जाणार नाही तर काय होणार? पोरी-बाळींना शिवण शिकवताना पहिल्या दिवशी आपण काय सांगतो? माप कागदावरून घेऊ नये, पुतळ्यावरून घेऊ नये, अंगावरून घ्यावं. आणि आपण बेचाळीस वर्षांच्या प्रेमापायी चित्रावरून माप घेतलं.

ताईंना स्वतःचा राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना हसू आलं, कारण त्याच क्षणी दुसरी गोष्टही समजली. त्यांनी कात्री घेतली. डावीकडची जास्तीची तीन बोटं कापली, काठ दुमडून घेतला, आणि केप टेबलावर पसरून मापपट्टीने तपासली. डावी-उजवी सुतासारखी सारखी.

अकराच्या सुमारास पोस्टमन टपाल घेऊन आले. वीजबिल टेबलावर ठेवून निघाले.

"थांबा जरा. केप घालून बघा."

"राहू द्या ताई," ते म्हणाले. "मास्तरच बरे. त्यांचं अंग सरळ आहे. मला डॉक्टर म्हणाले गादी भरू, पण गादी भरून मी कुणीतरी वेगळाच दिसतो."

"किती वर्षं झाली पिशवी खांद्यावर घेऊन?"

"एकतीस."

"आणि कायम डाव्या?"

"उजव्या हाताने पत्र द्यायचं ना. मग पिशवी डावीकडेच." ते थोडे हसले. "आमची आई म्हणायची, एका बाजूने तू थोरला आहेस आणि एका बाजूने धाकटा."

"मग तुमच्यापेक्षा या कामाला लायक माणूस नाही. ती पिशवी खाली ठेवा आणि भिंतीपासून दूर उभे राहा. इकडे, मधोमध."

ताईंनी केप त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हुकांनी अडकवली आणि हात काढून घेतले. कापड खाली गेलं, एकदा हललं, आणि थांबलं. ताई गुडघ्यांवर बसल्या. टेबलावर सरळ असलेला काठ पोस्टमनच्या पायांपाशी डावीकडे कलला होता. त्यांनी उजवीकडची पातळी खडूने टेबलाच्या पायावर मारली आणि तिथून डाव्या काठापर्यंत आपली बोटं आडवी लावली. एक. दोन. तीन.

"वाकडी आहे ना?" वरून पोस्टमनचा आवाज आला.

"नाही हो," ताई खालूनच म्हणाल्या. या वेळी त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. "केप सरळ आहे. त्या चित्रकाराने सरळच काढली होती. खांदा खरा काढला होता."

तेवढ्यात धाकटा चहाला आला. दारातच थांबला. ताईंनी पहिला अंक त्याच्या हातात दिला. त्याने अंकाकडे पाहिलं, पोस्टमनकडे पाहिलं, पुन्हा अंकाकडे. मग तो खाली वाकला, ताईंनी खडूने मारलेली रेघ पाहिली, आणि टेबलावरची मापपट्टी उचलून स्वतः केपची डावी बाजू मोजली, उजवी मोजली. दोन्ही सारख्या भरल्या. सिनेमाचं रीळ कुठे तुटलं ते शोधताना तो असाच पुन्हा पुन्हा बघतो.

"ताई," तो उठून म्हणाला, "म्हणजे तू तेव्हा चूक पकडली नव्हतीस."

"कधीपासून सांगतेय तुला."

"तू बरोबर असलेलं पकडलं होतंस."

तो इस्त्रीच्या टेबलावर बसला, आणि ताईंनी पहिल्यांदाच त्याला उठ म्हटलं नाही.

दुपारी डॉक्टर आले, ते शहरातला फोन नंबर खिशात घेऊनच. त्यांनी पोस्टमनना चालवलं, वळवलं, जिना चढवला आणि उतरवला. केप कुठेही अडकली नाही. डॉक्टर मान एका बाजूला कलती करून पाहत राहिले.

"पण काठ तर अजून..."

"डॉक्टर," ताई म्हणाल्या, "तुम्ही दात बघून सांगता ना, हा माणूस कुठल्या बाजूने चावतो?"

"सांगतो की. झिजतात ते."

"मग?"

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. यावेळी काठापासून सुरुवात करून वर खांद्यापर्यंत. मग खिशातला फोन नंबरचा कागद काढून त्यांनी त्याची बारीक घडी केली. "गादी नको," ते म्हणाले. "असंच राहू द्या."

रविवारी दुपारी सभागृह भरलं. ताई सातव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. शेजारी धाकटा, मांडीवर अस्तराच्या वेष्टणातला पहिला अंक. कशाला आणलास म्हणून विचारलं तर म्हणाला, "त्यालाही बघू दे."

पोस्टमन आले. पहिल्या प्रवेशात हमाल म्हणून, पोतं डाव्या खांद्यावर. मग अंधार झाला, उजेड आला, आणि निळ्या केपमध्ये पाठमोरे, रंगमंचाच्या मधोमध, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून सारखेच दूर.

मागच्या रांगेत एक बाई कुजबुजली, "अगं, केप वाकडी शिवलीय बघ."

ताईंचे कान तापले. बेचाळीस वर्षांपूर्वीचा सतरावा अंक आठवला. आता या बाईलाही दोन पानी पत्र लिहायचं की काय?

"वाकडी कुठे?" तिच्या शेजारची म्हणाली. "हमाल आहे ना तो? बघितलं नाहीस मघाशी, पोतं कुठे घेत होता ते? आमच्या ह्यांचा कोट नाही का असाच एकीकडे उतरतो. गप्प बस आणि बघ."

ताई मागे वळल्या नाहीत. धाकट्याने मात्र वळून त्या दुसऱ्या बाईकडे असं पाहिलं, की तिला वाटलं आपण फार मोठ्याने बोललो.

शेवटच्या प्रवेशात पूल वाचतो आणि पहाडखांदा घरी येतो. डॉक्टरांनी बसवलं होतं ते इतकंच, की तो दारातून आत जातो आणि पडदा पडतो. पण त्या दिवशी पोस्टमन दाराशी थांबले. दमल्यासारखा एक श्वास घेतला. मग केपच्या आत हात घालून ताईंनी लावलेला खिसा चाचपला, त्यातून किल्ली काढली, स्वतःच्या घरची, आणि दार उघडून आत गेले.

हशा आणि टाळ्या एकदमच आल्या. पालथं पडल्यावर झाला होता तो हशा वेगळा आणि हा वेगळा. ताईंनी दोन्ही ऐकले होते, त्यामुळे त्यांना फरक कळत होता. टाळ्या वाजवायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. धाकटा मात्र उभा राहून दोघांच्या वाटच्या वाजवत होता.

बाहेर पडताना तो म्हणाला, "सिनेमावाल्यांनी तुला बोलवायला हवं होतं."

"बोलावलं असतं तर आधी चेन पुढे घेतली असती," ताई म्हणाल्या. "पण तो नळाचा प्रसंग ठेवला असता हं."

सोमवारी सकाळी ताईंनी खाकी कागदावर केपचा नमुना उतरवून घेतला, कडेकडेने कापला आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘पहाडखांदा. दोन्ही बाजू सारख्या. अंगावर घालून पाहणे.’ खाली थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली, ‘चित्रकारकाकांना नमस्कार’, आणि नमुना दारामागच्या खिळ्याला बाकीच्यांच्या वर अडकवला.

दुकानात एक गिऱ्हाईक पँटीला टीप घालून घ्यायला थांबलं होतं. धाकट्याने चहाचा घोट घेतला आणि त्याच्याकडे वळला.

"तुम्हाला ठाऊक आहे का, पहाडखांद्याची केप पहिल्या अंकांत कशी होती? लोक म्हणतात वाकडी. वाकडी अजिबात नव्हती. जगात दोघांनाच माहीत होतं ते. एक ज्याने काढली तो, आणि दुसरी," त्याने कपानेच दाखवलं, "ही आमची ताई. चौदा वर्षांची होती तेव्हा."

ताईंनी ओठांत टाचण्या धरल्या आणि मशीनवर वाकल्या. मग कोपऱ्यातून म्हणाल्या, "आणि त्या टेबलावरून उठ."